शून्यात धरलेली लाकडं

परत येऊन दीड महिना झाला तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. श्रीवर्धनचा किनारा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा, इतका तो देखणा आहे. मी मात्र तिथं फिरायला गेले नव्हते.

मी सोलापूरला वास्तुकलेच्या महाविद्यालयात शिकवते. पर्यावरणपूरक इमारतींना दरवर्षी पुरस्कार देणाऱ्या एका संस्थेनं यंदा मला परीक्षक म्हणून घेतलं. इमारत उभी करताना आणि वापरताना हवेत कमीत कमी कार्बन जावा, हा त्यांचा निकष. माझ्या वाट्याला आलं ते बोर्ली पंचतनच्या पुढे समुद्राजवळ बांधलेलं एक रिसॉर्ट. तीन दिवस राहायचं, सगळं पाहायचं, तक्ता भरायचा आणि शेरा लिहायचा. एप्रिल महिना होता. सोलापूरच्या बाईला उन्हाळ्याची कसली भीती, अशा तोऱ्यात मी म्हसळ्याला एसटीतून उतरले आणि पाच मिनिटांत घामानं ओली झाले. आमच्याकडचं ऊन भाजतं, पण सावलीत गेलं की सोडून देतं. इथलं सावलीतही अंगाला चिकटून राहतं.

खाली, समुद्राजवळ

रिसॉर्टची गाडी मला घ्यायला आली होती. सुपारीच्या बागांमधून वळणं घेत रस्ता खाली उतरतो आणि एकाएकी समुद्र दिसतो. दारात तन्मय उभा होता. तोच या जागेचा वास्तुरचनाकार, वय पस्तिशीच्या आत, मुंबईचा. अंगात साधा खादीचा सदरा, बोलणं मऊ. मला तो पहिल्या भेटीत आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि इमारतही आवडली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर, चारी बाजूंनी खोल पडवी. बाहेर डोकं भणभणत होतं आणि आत पाऊल टाकलं तसा गारवा. एसी कुठेही नव्हता. वारा समुद्राकडून आत यायचा आणि छपराच्या सांदीतून वर निघून जायचा. ही साधी गोष्ट मुलांना वर्गात शिकवताना माझा घसा कोरडा पडतो. इथं ती समोर उभी होती.

"मॅम, एक गोष्ट बघा," तन्मय वर बोट दाखवत म्हणाला. "खांब, तुळया, वासे, सगळं जुनं लाकूड. आम्ही एकही नवं झाड तोडलेलं नाही. कौलंसुद्धा जुनी."

खांब ऐनाचे आणि किंजळीचे होते. चुलीच्या धुरानं काळे झालेले, वर्षानुवर्षं माणसांच्या पाठी घासून गुळगुळीत झालेले. एका तुळईला पाळण्याची लोखंडी कडी तशीच होती. तन्मयनं ती मुद्दाम ठेवली होती. "पाहुण्यांना फार आवडते," तो म्हणाला.

त्यानं तक्ता उघडून दाखवला. जांभा जवळच्या खाणीतला, म्हणून वाहतूक थोडी. सिमेंट कमी. आणि लाकूड, कौलं यांच्यापुढे शून्य. जुनं सामान पुन्हा वापरलं की त्याचा कार्बन शून्य धरायचा, हा आमचा नियम आहे. मीही तो अनेक वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. मी त्या शून्यापुढे बरोबरची खूण केली.

दुपारी जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, काजूच्या ओल्या गरांची उसळ आणि सोलकढी होती. आमच्याकडे भाकरी म्हणजे कडक ज्वारीची, शेंगाचटणीशी मोडून खायची. ही तांदळाची भाकरी रुमालासारखी घडी घालता येते. मी चार खाल्ल्या. त्या दिवशी मी इतकी खूश होते की रात्री शेऱ्याचा पहिला परिच्छेदही लिहून टाकला. तो पुढे फाडला.

मेस्त्री

दुसऱ्या दिवशी सकाळी तन्मय कुणाशी तरी फोनवर गुंतला होता. मी एकटीच मागच्या बाजूला गेले. तिथं एक माणूस पडवीचा वासा तासत बसला होता. पन्नाशीचा, काटक, कानावर पेन्सिल. नाव अनंत. सगळे त्याला मेस्त्री म्हणत, कारण इथलं सुतारकाम सगळं त्याच्याच हातचं.

मी त्याच्या कामाचं कौतुक केलं. सांधे इतके नेमके बसले होते की मध्ये कागद सरकला नसता.

"न्हाय मॅडम, ते सांधे माझे न्हाय," तो मान न उचलता म्हणाला. "ते आधीचेच. मी फक्त सोडवले नि हितं आणून पुन्हा बसवले. परत्येक लाकडावर खडूनं आकडे टाकले व्हते."

"कुठून सोडवले?"

त्यानं हातातली तासणी थांबवली. "वरच्या वाडीतनं. नऊ घरं व्हती."

आमच्या तक्त्यात 'साहित्य कुठून आणलं' असा एक रकाना आहे. तिथं तन्मयनं म्हसळ्याच्या एका लाकूड व्यापाऱ्याचं प्रमाणपत्र जोडलं होतं. मी तन्मयकडे गेले आणि म्हटलं, मला ही वाडी पाहायची आहे. तो थोडा अडखळला.

"मॅम, तिथं बघण्यासारखं आता काही नाही. आज सांडपाण्याचं शुद्धीकरण बघायचं ठरलंय ना?"

"ते उद्या बघू," मी म्हटलं.

गाडी मिळाली नाही. ड्रायव्हर कुठंतरी गेला आहे असं सांगण्यात आलं. मग मेस्त्रीनं ओळखीची रिक्षा बोलावली आणि आम्ही दोघं निघालो. रिक्षा चढावर दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी आम्ही उतरून ढकलली आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रिक्षा तिथंच सोडून पुढची वाट मी एक पाय फरफटत चालले. मेस्त्री वाटभर चार पावलं पुढेच चालत राहिला. त्या वेळी मला वाटलं, त्याचा स्वभावच तसा असेल.

वरची वाडी

डोंगराच्या कुशीत चौदा घरं. खाली भाताची खाचरं, आता कोरडी आणि भेगाळलेली. पाच घरांवर कौलं होती. उरलेली नऊ पत्र्याची: लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर निळे पत्रे, आणि खाली मात्र जांभ्याच्या जुन्या भिंती तशाच. उन्हात ते निळे पत्रे नुसते पाहवत नव्हते.

दुपारचे बारा वाजून गेले होते. वाडीत घरात कुणी नव्हतं. बाया, म्हातारी माणसं, एक तान्हं बाळ, सगळी फणसाच्या झाडाखाली गोणपाट टाकून बसली होती. मेस्त्रीनं मला रंजना शिगवण या बाईंकडे नेलं. चाळिशीच्या पुढच्या, उंच, बोलायला मोकळ्या. त्यांचा नवरा मुंबईला एका गोदामात कामाला आहे, गणपतीला आणि शिमग्याला येतो. मेस्त्री त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणून रंजनाताई त्याला भावोजी म्हणत.

"घर बघायचा हाय?" त्यांनी विचारलं. "बघा. पण बसू नका आत."

मी आत गेले. आमच्या सोलापुरात जुन्या घरांवर मातीचं जाड माळवद असतं. बाहेर कितीही तापलं तरी आत दुपारची झोप लागते. इथं पत्र्याखाली मी दोन मिनिटं उभी राहिले आणि तोंडावर भट्टीची वाफ आल्यासारखं झालं. डब्यातलं खोबरेल हाताला कोमट लागत होतं. भिंती भक्कम, दोन हात रुंद, आणि वर हे. छपराला वारा जायला फटही नव्हती, पत्रा थेट भिंतीवर टेकवलेला. ज्यानं हे बसवलं तो माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात असता तर मी त्याला नापास केलं असतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला पाणी दिलं आणि झालेलं सांगितलं.

मागे मोठं वादळ आलं तेव्हा वाडीतल्या सगळ्या घरांची कौलं उडाली. पण लाकडाचा सांगाडा एकाही घराचा पडला नाही. कौलं पुन्हा घालायची तर कौलं मिळेनात, घालणारी माणसं मिळेनात, आणि पाऊस तर पडतच होता. ताडपत्रीखाली दिवस काढत असताना एक व्यापारी टेम्पो घेऊन आला.

"त्यानं वर चढून बघितला," रंजनाताई म्हणाल्या. "खाली उतरून बोलला, वयनी, तुमच्या वाशांना वाळवी लागली. आज ना उद्या अंगावर येणार. म्हणाला, मी हा लाकूड काढून नेतो नि बदल्यात तुमाला लोखंडाचा नि पत्र्याचा घर बांधून देतो. पक्का घर. माझ्याकडं पोरगी व्हती धाकटी. अंगावर येणार म्हटल्यावर काय करणार? ह्यांना फोन लावला. हे बोलले, दे मग. तुझा जीव म्हत्त्वाचा."

"आणि नऊही घरांना वाळवी?"

"नऊ म्हंजे, ज्यांची पुरुषमाणसं मुंबईला हायत ती नऊ. बाकीच्या पाचांची माणसं घरी व्हती, त्यांनी कशीतरी कौलं जमवून घातली."

मी खालची लाकडं आदल्या दिवशी हातानं चाचपली होती. नखानं उकरून, ठोकून पाहिली होती, तेच माझं काम. वाळवीचा मागमूसही नव्हता. मी मेस्त्रीकडे वळले. तो झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता.

"मेस्त्री, लाकडं तुम्ही उतरवलीत. वाळवी कुठं होती?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. मग म्हणाला, "नव्हती."

"एकाही घराला?"

"एका घराच्या कौलांखालच्या रिपांना व्हती थोडी. रिपा बदलल्या असत्या तर झाला असता. खांब अजून शंभर वर्सं गेले नसते."

रंजनाताई काही ओरडल्या नाहीत. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला. "भावोजी," त्या म्हणाल्या, "तुमी वर चढला व्हतात. मी खाली शिडी धरून उभी व्हते. तवा का न्हाय बोलला?"

"वादळात माझा पण घर गेला व्हता, वयनी. चार म्हयने काम नव्हता. त्यानं रोजावर घेतला. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी दुसरा सुतार आणला असता."

"आणला असता. पण मला तर कळला असता."

त्या उठल्या आणि घरामागे गेल्या. मला वाटलं, आता त्या काही बाहेर येणार नाहीत. पण थोड्या वेळानं त्या ताटं घेऊन आल्या. भाकरी, सुकटीची चटणी, कैरीच्या फोडी. तीन ताटं होती. मेस्त्रीपुढेही त्यांनी ताट ठेवलं, त्याच्याकडे न बघता. त्याला खाली घास जात नव्हता आणि उठताही येत नव्हतं. माझीही तीच गत होती, पण माझं कारण वेगळं होतं.

मी त्या शून्याचा विचार करत होते. खाली रिसॉर्टमध्ये लाकडाचा कार्बन शून्य, कारण ते जुनं. पण ते जुनं लाकूड काढलं म्हणून वर नऊ घरांवर नवं लोखंड आलं, नवा पत्रा आला. कारखान्याच्या भट्टीतून निघालेला, ट्रकमधून आलेला. तो कुणाच्या तक्त्यात धरायचा? कुणाच्याच नाही. रिसॉर्टचं ते शून्य इथं रंजनाताईंच्या डोक्यावर तापत होतं. आणि हा नियम मी शिकवला होता. माझ्या स्वतःच्या घरी जेवणाचं टेबल आहे ते मोडलेल्या माळवदाच्या तुळयांचं. घेताना मी लाकडाची जात विचारली होती. घर कुणाचं होतं, हे विचारलं नव्हतं.

निघताना रंजनाताईंनी विचारलं, "मॅडम, माझा घर खाली कसा दिसतो?"

मी म्हटलं, "उद्या या. मी दाखवते."

उतारावर मेस्त्रीनं आणखी एक गोष्ट सांगितली. रिसॉर्टचा दुसरा भाग व्हायचा होता आणि व्यापारी उरलेल्या पाच कौलारू घरांशी बोलून गेला होता. तिथंही वाळवी निघाली होती.

पुन्हा खाली

तिसऱ्या दिवशी सकाळी रंजनाताई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पहारेकऱ्यानं त्यांना फाटकाशी थांबवलं. कामासाठी आलेल्या बायकांचं दार मागे आहे, म्हणाला. मी जाऊन सांगितलं, या माझ्या पाहुण्या आहेत, आणि त्यांना पुढच्या दारानं आत आणलं.

जेवणाच्या दालनात त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हळूहळू वर पाहत फिरल्या. मग एका खांबाजवळ जाऊन त्यावर हात ठेवला.

"हा आमचा पडवीतला. हितं आतल्या बाजूला लावलाय." दुसऱ्या खांबाकडे गेल्या. "हा माजघराचा. नि ती कडी आमची न्हाय, ती शेजारच्या कुसुमची."

तिथं न्याहारी करत असलेली एक-दोन कुटुंबं आमच्याकडे पाहू लागली. रंजनाताई खांबाला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या. कपाळाचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "गार हाय. असाच गार व्हता."

तन्मय आला. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी सविस्तर, आवाज न चढवता. आवाज न चढवणं मला फार जड गेलं. त्यानं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

"मॅम, वाळवीचं मला खरंच माहीत नव्हतं."

"विचारलं होतंस?"

"नाही. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं."

मग तो रंजनाताईंपुढे वाकला, त्यांच्यासाठी शहाळं मागवलं आणि म्हणाला, "काकी, तुमची गोष्ट आम्ही इथं भिंतीवर लावू. तुमचा या खांबासोबत एक फोटो घेऊ या का? लोकांना कळायला हवं, हे घर कुणाचं होतं."

त्याला हे बोलताना काही चुकतंय असं वाटत नव्हतं. याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. व्यापारी लबाड होता, लबाडी ओळखू येते. हा भला मुलगा होता आणि त्याला बाईच्या दुःखातही भिंतीवर टांगायला एक चौकट दिसली.

रंजनाताईंनी शहाळ्याला हात लावला नाही. "फोटो नको," त्या म्हणाल्या. "माझे खांब परत द्या."

"काकी, ते आता कसं शक्य आहे? सगळं छप्पर त्यांच्यावर उभं आहे."

"माझा पण त्यांच्यावरच उभा व्हता."

तन्मयनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी सावरून घेईन अशा आशेनं. मी काही सावरलं नाही. म्हटलं, निदान नऊ घरांची छपरं नीट करून द्या. पत्रा भिंतीवरून वर उचला, खाली वाऱ्याला वाट ठेवा, वर नारळाच्या झावळ्यांचे झाप घाला. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, इथं करून दाखवलंयस. आणि पाच घरांना हात लावू नका. तो म्हणाला, मालकांशी बोलतो. ते बोलणं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी परतीची एसटी होती, ती मी सोडली. मेस्त्री आणि मी पुन्हा वर गेलो. त्यानं रंजनाताईंच्या घराचे दोन बाजूंचे पत्रे सैल केले, खाली लाकडाचे ठोकळे सारून वीतभर फट पाडली. मी खाली उभी राहून कुठं किती ते सांगत होते. शेजारच्या बायांनी झाप आणून दिले. रंजनाताई सगळं बघत उभ्या होत्या. शिडी मात्र त्यांनी धरली नाही, ती मी धरली. मेस्त्री खाली उतरल्यावर त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "आता त्या पाच घरांत जा नि काल मॅडमसमोर बोललात ते बोला. माझ्यासमोर बोला."

तो गेला. पाचही दारांत उभा राहून त्यानं सांगितलं, तुमच्या लाकडाला वाळवी नाही, व्यापारी खोटं बोलतो आणि नऊ घरांच्या वेळी मी गप्प बसलो. एका घरच्या म्हाताऱ्यानं त्याला फार वाईट शब्द वापरले. ते त्यानं ऐकून घेतले. दुसऱ्या दिवसापासून त्याचं रिसॉर्टमधलं काम बंद झालं.

सोलापूर

मी शेरा लिहिला. लाकडापुढचं शून्य खोडलं, नऊ छपरांचं लोखंड आणि पत्रा त्या जागी मांडला आणि लाकूड कसं मिळवलं ते दोन परिच्छेदांत लिहिलं. आठवड्यानं परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. फार सभ्य गृहस्थ.

"मॅडम, तुमची कळकळ समजते. पण हा सामाजिक मुद्दा झाला. आपल्या तक्त्यात त्याला रकाना नाही."

"मग रकाना करा."

"यंदा ते शक्य होणार नाही. ते दोन परिच्छेद तेवढे काढता का?"

मी नाही म्हटलं. शेरा त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला. रिसॉर्टला पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला, तन्मय माजघराच्या त्या खांबाला टेकून उभा होता. मी मंडळाचा राजीनामा दिला. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. वर्गात मात्र मी आता तो नियम तसाच्या तसा शिकवत नाही. जुनं लाकूड वापरायचं असेल तर त्या छपराखालची माणसं आज कशाखाली राहतात ते आधी लिहून आणा, असं मुलांना सांगते. काही मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

गेल्या आठवड्यात रंजनाताईंचा फोन आला. व्यापारी टेम्पो घेऊन वाडीत आला होता. पाचही घरांच्या बाया ओटीवर येऊन उभ्या राहिल्या आणि कुणी त्याला शिडी दिली नाही. मेस्त्रीही तिथं होता. तो सध्या त्या घरांच्या मोडक्या रिपा बदलतोय, जेवणावारी. टेम्पो रिकामा परत गेला.

"पाच घरं ऱ्हायली, मॅडम," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता.

मी विचारलं, "आणि तुमच्याकडे? झापांनी काही फरक पडला का?"

"पडला तर. दुपारी बसता येतो आत."

"बरं झालं मग."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पण घर तर गेला ना आमचा."